तानीचा तिसरा रिपोर्ट

लहान मुलांचं रक्त काढायचं असलं की आमच्या लॅबमध्ये मला बोलावत. यात माझं कौतुक फारसं नाही. मला बोलायला जमत नसे, आणि सुई हातात घेऊन गोड बोलणाऱ्या माणसांची मुलांना भीती वाटते. ‘काही नाही हं, मुंगी चावणार’ असं कुणी म्हणालं की मुलाला कळतंच, आता काहीतरी होणार. मी काहीच म्हणत नसे. मुलाचा हात हातात घ्यायचा, थोडा वेळ नुसता धरून ठेवायचा, बोटाला शीर लागली की सुई. बहुतेक मुलं रडायची ती नंतर, कापूस लावल्यावर.

बीडच्या त्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी सहा वर्षं तंत्रज्ञ होते. नव्वदचं दशक उतरणीला लागलेलं होतं. रस्त्यावर दर दहा पावलांवर पिवळे एसटीडी बूथ झाले होते, गावात दोन कुरिअरवाले आले होते आणि त्यामुळे ज्या तपासण्यांची नावं मी फक्त पुस्तकात वाचली होती त्यांचे नमुने बर्फात घालून मुंबईला जाऊ लागले होते. माझं शिक्षण औरंगाबादला, इंग्रजी शाळेत. वडिलांची बदली बीडला झाली म्हणून मी इथं आले. माझी मराठी घरातली आणि पुस्तकातली होती. आमचे सीनियर तंत्रज्ञ रऊफभाई पहिल्याच आठवड्यात म्हणाले, “म्याडम, तुमी ‘कृपया हात पुढे करा’ म्हणता ना, पेशंटला वाटतं कोर्टात उभं केलं. ‘दाव हात’ म्हणायचं. खलास.” मला ‘दाव हात’ कधीच म्हणता आलं नाही. मग मी नुसता हात पुढे करू लागले.

या अंकासाठी लिहायला सांगताना संपादक बाईंनी गमतीचे अनुभव मागितले होते. तसे आहेत. आष्टीकडचे एक आजोबा होते. ‘उद्या उपाशीपोटी या’ सांगितल्यावर त्यांनी तिथूनच अन्नपाणी सोडलं, आणि दुसऱ्या दिवशी एसटीतून उतरून भिंतीला धरत आत आले. “कालधरनं पाण्याचा थेंब न्हाई घेतला,” ते अभिमानाने म्हणाले, “आता तरी साखर उतरली आसंल का?” एक गृहस्थ तपासणी झाल्यावर उरलेलं रक्त परत मागायला आले होते. त्यांचं म्हणणं, वापरलं तेवढं वापरलं, बाकीचं माझंच आहे. रऊफभाईंनी त्यांना खरोखर बाटली दिली, आणि ते ती बघून आल्या पावली परत गेले. असं खूप सांगता येईल. पण सहा वर्षांतलं मला रोज आठवतं ते दुसरंच आहे, आणि ते गमतीचं नाही.

आधी थोडं कामाबद्दल सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही.

लहान मुलांना इसब होतं. गालांवर, कोपराच्या आतल्या बाजूला, गुडघ्यांच्या मागे कातडी लाल होते, खरखरीत होते, खाजवून खाजवून पाणी सुटतं. मूल झोपत नाही, म्हणून घर झोपत नाही. हे ओळखायचं ते कातडी बघून. रक्त तपासून इसब आहे की नाही ते सांगता येत नाही. पण रक्तात त्याच्या काही खुणा दिसतात. एक आहे आयजीई नावाचं प्रथिन. ते तेव्हा मुंबईला पाठवावं लागे. दुसरी खूण आमच्याकडेच बघता येई, ती म्हणजे इओसिनोफिल नावाच्या पेशी. रक्तातल्या पांढऱ्या पेशींची ही एक जात. इसबात वाढते, दम्यात वाढते, पोटात जंत असले तरी वाढते. म्हणजे आकडा वाढला तर अंगात काहीतरी चाललंय एवढंच कळतं. काय चाललंय ते डॉक्टरने मुलाकडे बघून ठरवायचं.

ती मोजायची पद्धत मला फार आवडायची. बारीक काचनळीत रक्त घ्यायचं, त्यात एक लालसर द्राव मिसळायचा. त्या द्रावात बाकीच्या पेशी विरून जातात आणि फक्त इओसिनोफिल उरतात, त्या रंग धरतात. मग रेघा कोरलेल्या जाड काचेवर थेंब सोडून मायक्रोस्कोपखाली बघायचं. आखीव चौकटी दिसतात आणि त्यांच्यात शेंदरी ठिपके. एकेक चौकट ओलांडत ते मोजायचे आणि हिशेबाने गुणायचे. चारशेच्या आत आलं तर ठीक. मोजताना कुणाशी बोलावं लागत नसे, बोललं तर चूक होई. मला वाटायचं, हे काम माझ्यासाठीच कुणी काढलंय.

सुभाष रोडवर अप्पांचं कापडाचं दुकान होतं. कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात लिंग, बोलायला मोकळे. त्यांच्या नातवाला इसब होतं. बालरोगतज्ज्ञांनी त्याचं आयजीई मुंबईला पाठवलं, आमच्याकडे इओसिनोफिल मोजायला सांगितलं आणि नीट उपचार केले. पाच-सहा महिन्यांत मुलगा सुधारला. अप्पांनी मात्र सगळं श्रेय आकड्याला दिलं. प्रत्येक रिपोर्ट त्यांनी दुकानात गल्ल्याच्या वर टाचून ठेवला होता. साड्या बघायला आलेल्या बायकांना ते सांगायचे, “अठराशेवरून साडेतीनशेवर आणला. नंबर उतरला की रोग उतरला.”

त्या नातवासाठी शेळीचं दूध घालायला बीडजवळच्या पाली गावाकडून एक बाई यायची. तिचं नाव सोजर. धनगराची, माझ्याच वयाची असेल. नवरा धोंडिबा मेंढरं घेऊन तिथल्या धरणाच्या काठाकाठाने हिंडायचा, ही शेळ्या आणि घर सांभाळायची. अप्पांच्या दारात दूध मापून देताना तिने तो आकड्यांचा कारभार महिनोन् महिने ऐकला होता. एके दिवशी दुधाची रिकामी किटली एका हातात आणि कडेवर तीन-साडेतीन वर्षांची पोरगी अशी ती लॅबमध्ये आली.

“ताई, अप्पाच्या नातवाचा काढला तसा हिचाबी नंबर काढा.”

मुलीचं नाव तानी. थंडीचे दिवस होते, तिचे दोन्ही गाल फुटून काळपट झाले होते. कोपराच्या आत पट्टी बांधली होती, खाजवू नये म्हणून हातांना धोंडिबाच्या जुन्या धोतराच्या पिशव्या घातल्या होत्या. मी पिशवी सोडून हात धरला. ती माझ्याकडे बघत राहिली. सुई टोचल्यावर रडली नाही, फक्त आईला म्हणाली, “ही बाई मुकी हाय का?”

सोजर लाजली. “मुकी न्हाई गं. शिकलेली हाय.”

रऊफभाई तिकडून हसले. “बरोबर ओळखलं पोरीनं.”

आकडा एकवीसशे आला. आमच्या सरांनी, म्हणजे लॅबच्या पॅथॉलॉजिस्ट डॉक्टरांनी, सोजरला त्याच बालरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. त्यांनी जंताचं औषध दिलं, एक मलम दिलं, अंघोळीनंतर ओल्या अंगावर खोबरेल लावायला सांगितलं, घोंगडीवर निजवू नका म्हणाले. महिन्याने ती परत मोजायला आली. सोळाशे. आता चौकटीत ठिपके कमी होते आणि तानीचे गालही थोडे बरे होते. हे असंच उतरतं, सावकाश. पण सोजरचा चेहरा पडला.

“एवढंच व्हय? एक म्हैना रोज खोबरेल चोपडलं मी.”

“उतरलाय,” मी म्हणाले.

“अप्पाच्या नातवाचा लई भरभर उतरला व्हता.”

तसं झालं नव्हतं. त्यालाही पाच-सहा महिने लागले होते. हे मला माहीत होतं, कारण त्याचे सगळे आकडे मीच काढले होते. पण एका पेशंटचं दुसऱ्याला सांगायचं नाही हा नियम, आणि नियमाच्या आड बसायला मला बरं वाटायचं. मी रिपोर्ट तिच्या हातात दिला.

त्यानंतर चार महिने ती आली नाही. पाऊस सुरू झाल्यावर एकदा सकाळी आली आणि मी तानीला ओळखलंच नाही. कातडी अगदी नितळ, कोपराच्या आत एकही चट्टा नाही. गाल गोल, लालबुंद, असे वर आलेले की डोळे बारीक झाले होते. पोट पुढं आलेलं. बाकड्यावरच्या बायका म्हणाल्या, “काय गं बाई, बाळसं धरलंय लेकरानं!” सोजरने तिच्या कानशिलावरून बोटं मोडली.

“बाजारात एक जण बसतो,” ती मला म्हणाली. “पांढऱ्या पुड्या देतो. मधातनं द्यायच्या, सकाळ-संध्याकाळ. आठ दिसांत चट्टे गेले, ताई. आता तुमी नंबर बघा.”

मी रक्त घेतलं, द्राव मिसळला, काच भरली. पहिल्या चौकटीत काही नव्हतं. दुसरीत नव्हतं. सगळ्या चौकटी ओलांडून गेले. आखीव रेघा आणि मधे नुसतं पाणी. काच धुतली, परत भरली. तिसऱ्यांदा नवीन द्राव घेऊन केलं. एकही ठिपका नाही.

मला ते माहीत होतं. खरं तर इतकं नीट माहीत होतं की परीक्षेत त्यावर टीप लिहिली होती आणि पाचपैकी साडेचार गुण मिळाले होते. स्टेरॉइड नावाची औषधं अंगात गेली की इओसिनोफिल रक्तातून नाहीसे होतात. इसब चार दिवसांत मावळतं. चेहरा गोल होतो, चंद्रासारखा, असं पुस्तकात लिहिलेलं असतं. पुस्तकात त्याचा फोटोही होता. त्या बायका ज्याला बाळसं म्हणत होत्या ते बाळसं नव्हतं, औषधाची सूज होती.

मी रऊफभाईंकडे गेले. “एकही नाही,” मी म्हणाले. “तीनदा बघितलं.”

“मग चांगलंच की, म्याडम. लोक कमी व्हावं म्हनूनच येतात.”

“पण एकही नाही म्हणजे—”

“सर संध्याकाळी येतील, त्यांना सांगा.”

सर संध्याकाळी आले. तीस-चाळीस रिपोर्टांची थप्पी होती. ते उभ्याउभ्या सह्या करत होते, बाहेर त्यांची गाडी चालू होती. तानीचा रिपोर्ट आला तेव्हा मी तोंड उघडलं होतं. त्यांनी ‘वा’ म्हटलं आणि पान उलटलं. मी तोंड मिटलं. आमच्याकडे एक रबरी शिक्का होता, इंग्रजीत. रुग्णाची लक्षणं बघून या निष्कर्षाचा अर्थ लावावा, अशा अर्थाचा. मी तो त्या रिपोर्टवर जरा जोरातच उमटवला. माझ्या मते मी सांगितलं होतं. पण सोजर आता डॉक्टरांकडे जातच नव्हती, ती सरळ लॅबमध्ये येत होती. तो शिक्का वाचणारं त्या वाटेवर कुणीही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिने विचारलं, “किती आला?”

“शून्य,” मी म्हणाले.

तिला आधी कळलं नाही. मग ती एवढ्या मोठ्याने हसली की बाकड्यावरची माणसं वळून बघू लागली. “शून्य! अप्पाच्या नातवाचाबी शून्य न्हाई झाला! तानाबाई, शून्य आलं बघ तुला!” तानी आपल्या जाड गालांनी हसली. मग सोजरने मला विचारलं, नीट, समोर उभं राहून विचारलं:

“मंग आता पुड्या बंद करू का, ताई?”

त्या प्रश्नाचं उत्तर मला यायला हवं होतं. निम्मं येत होतं. स्टेरॉइड एकदम तोडत नाहीत, असं कुठंतरी वाचलेलं मनात होतं. पण मी डॉक्टर नव्हते. तंत्रज्ञाने औषधाबद्दल बोलायचं नाही, हे आम्हाला पहिल्या दिवशी शिकवलेलं. आणि खरं सांगायचं तर एवढ्या आनंदात असलेल्या बाईला, एवढ्या माणसांसमोर, ‘हे चांगलं नाही’ म्हणणं मला झेपणारं नव्हतं.

“ते डॉक्टरांना विचारा,” मी म्हणाले.

वाक्य अगदी बरोबर होतं. आजही कुणी मला त्या वाक्यासाठी दोष देऊ शकणार नाही.

“इचारते,” ती म्हणाली. रोग गेला, नंबर शून्य झाला, मग डॉक्टरला कशाला विचारायचं, हे तिच्या चेहऱ्यावर मला दिसत होतं.

साधारण तीन आठवड्यांनी, सोमवारी दुपारी, मुलांच्या दवाखान्यातून एक नमुना आला. चिठ्ठीवर लिहिलं होतं, तानी धोंडिबा, वय ४, ताप, उलट्या, ग्लानी. साखर बघायची होती आणि रक्तातले क्षार. साखर अठ्ठावीस आली, ती साठ-सत्तरच्या वर हवी. मला वाटलं, नमुना उशिरा आला असणार. रक्त तसंच पडून राहिलं तर पेशी त्यातली साखर खाऊन टाकतात आणि आकडा खोटा खाली येतो. हे आमच्याकडे नेहमी व्हायचं. मी दवाखान्यात फोन करून सांगितलं की ताजा नमुना पाठवा. रऊफभाई स्वतः मोपेडवर गेले. पंधरा-वीस मिनिटांत परत आले. हातात सिरिंज तशीच, कागदात गुंडाळलेली, न उघडलेली.

“न्हाई राहिली,” ते म्हणाले. मग म्हणाले, “ती मुकी म्हनली होती ना तुमाला, ती पोरगी.”

आकडा खरा होता.

त्या संध्याकाळी मी सरांना सगळं सांगितलं. पुड्या, गोल चेहरा, शून्य, शिक्का. आयुष्यात एवढं सलग मी कुणाशी बोलले नव्हते. सरांनी गाडी बंद करायला सांगितली आणि खुर्चीत बसले. त्यांनी मला समजावलं ते असं. आपल्या दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर एकेक छोटी ग्रंथी असते. अंगावर संकट आलं की, ताप असो, मार असो, ती जो रस सोडते त्याच्या जोरावर शरीर उभं राहतं. स्टेरॉइड म्हणजे तोच रस, बाहेरून दिलेला. महिनोन् महिने बाहेरून मिळत राहिला की ग्रंथीला वाटतं आपलं काम नाही, आणि ती निजते. मग औषध एकदम तोडलं तर ती लगेच जागी होत नाही. तिला उठायला आठवडे लागतात. तेवढ्यात साधा ताप आला तरी साखर खाली जाते, मीठ खाली जातं, मूल हातातून जातं. म्हणून ते औषध रोज थोडं थोडं कमी करत सोडवावं लागतं.

“दवाखान्यात साखर दिली असेल त्यांनी,” सर म्हणाले. “पण नुसत्या साखरेनं भागलं नसतं. पुड्यांचं त्यांना कुणी सांगितलंच नसणार. घरच्यांच्या लेखी पुड्या तर तीन आठवड्यांमागेच बंद झाल्या असतील.” मग म्हणाले, “खात्रीने नाही सांगता येणार. पण शून्य होतं ना? मी सही केली होती त्यावर.”

ते मला रागावले नाहीत. मला वाटत होतं रागावावं.

तेराव्यानंतर सोजर लॅबमध्ये आली. कडेवर कुणी नव्हतं आणि हातात तिन्ही रिपोर्ट होते, घड्या पडलेले. बाकड्यावर न बसता ती सरळ माझ्या टेबलाशी आली.

“ताई, शून्य आलं व्हतं ना? बरं झालं म्हणूनच आलं व्हतं ना? मंग मही पोरगी गेली कावून?”

मी तिला आतल्या खोलीत नेलं. मायक्रोस्कोपशेजारच्या स्टुलावर बसवलं. मी म्हणाले, “शून्य चांगलं नव्हतं. त्या पुड्यांत एक औषध होतं, त्यानं आकडा शून्यावर गेला. त्यानंच तिचे गाल वर आले होते. मला त्या दिवशीच कळलं होतं. मी बोलले नाही.”

मला वाटलं, ती शिव्या देईल. ती म्हणाली, “तुमाला म्हाईत व्हतं?”

“हो.”

“त्या दिवशी मी एवढी हसले, तवा म्हाईत व्हतं?”

“हो.”

तिने पदराने तोंड दाबलं. मग एकदम उठली. “म्हंजे पुडीनंच मारलं. मह्या मनात व्हतंच. हौसीच्या लेकराला तीच पुडी चालू हाय.”

हौसा म्हणजे तिची धाकटी जाऊ. तिचा मुलगा दोन वर्षांचा. त्यालाही इसब, आणि तानीचं बघून त्यालाही तीन महिन्यांपासून त्याच पुड्या.

“आज घरी गेले की पयल्यांदा चुलीत घालते सगळ्या,” सोजर म्हणाली. “एक ठिवत न्हाई.”

आता तिला थांबवायचं तर सांगावं लागणार होतं की पुड्या एकदम बंद करायच्या नसतात. आणि ते सांगायचं म्हणजे तिला हे सांगायचं की तानी पुडी खाऊन गेली नाही, पुडी तुटल्याने गेली. पुडी कुणी तोडली होती? हिनेच. मला विचारून. मी उत्तर दिलं नाही म्हणून.

“मी येते तुमच्याबरोबर,” मी म्हणाले.

सरांना दोन वाक्यांत सांगितलं. ते म्हणाले, “जा. बंद करू देऊ नकोस. उद्या सकाळी मुलाला घेऊन यायला सांग, मी बालरोगतज्ज्ञांशी बोलून ठेवतो.” पालीच्या एसटीत आम्ही शेजारी बसलो. ती खिडकीबाहेर बघत होती. मी मनात वाक्यं जुळवत होते. ठरवलं की हौसाला बाजूला घ्यायचं आणि हळूच सांगायचं. सोजरला कळायची गरज नाही. तिच्या पदरात जेवढं आहे तेवढं पुरे.

आधीच सांगून टाकते, हौसाचा मुलगा नीट आहे. दोन-अडीच महिने लावून डॉक्टरांनी त्याचं औषध सोडवलं. पण मी सांगतेय ती गोष्ट त्याची नाही.

धरणाच्या भिंतीखाली फाट्यावर उतरून आम्ही चिखलातून चालत वस्तीवर गेलो. चार घरं, मधे मेंढरांचा वाडा. आम्ही पोचलो तेव्हा दोन-तीन बायका, धोंडिबा आणि एक म्हातारा, सोजरचा सासरा, अंगणात बसलेले. हौसाच्या चुलीवर पाणी तापत होतं आणि तिच्या हातात पुड्यांची कागदी पिशवी होती. सोजरला माहीत नव्हतं, पण म्हाताऱ्याने सकाळीच फर्मान काढलं होतं.

“बरं झालं आलीस,” म्हातारा सोजरला म्हणाला. “हे इख पेटवून द्यायचं म्हणतोय मी. पोरगी खाल्ली ह्यानं.”

“टाक,” सोजर म्हणाली. “टाक गं हौसे.”

हौसा चुलीकडे वाकली. बाजूला घ्यायला, हळू बोलायला आता जागाच उरली नव्हती.

“नका टाकू,” मी म्हणाले. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. “एकदम बंद करायचं नाही ते.”

सगळे माझ्याकडे बघू लागले. म्हातारा म्हणाला, “ह्या कोन?”

“रगत तपासत्यात त्या,” सोजर म्हणाली. “ताई, तुमीच म्हणल्या ना, पुडी वाईट हाय?”

“वाईट आहे. पण शरीराला आता तिची सवय झालीय. एका दिवसात तोडली तर शरीर आपलं काम आपण करू शकत नाही. मग साधा ताप आला तरी झेपत नाही. डॉक्टर थोडी थोडी कमी करत सोडवतील. उद्या सकाळी मुलाला घेऊन बीडला या. तोपर्यंत रोजच्यासारखी द्या.”

मी हौसाकडे बघून बोलत होते. सोजरकडे बघायचं नाही असं मी ठरवलं होतं. पण वाक्य संपल्यावर मला बघावं लागलं.

ती उभी होती तिथेच होती. तिचे ओठ हलत होते, मनात दिवस मोजावेत तसे.

“आमी एका दिसात बंद केलती,” ती म्हणाली. कुणाला असं नाही. “शून्य आलं त्याच दिशी. राहिलेल्या पुड्या मी परत नेऊन दिल्या त्याला.”

धोंडिबा खाली बघत होता. सांत्वनाचं एकही वाक्य मला ना मराठीत येत होतं ना इंग्रजीत, आणि आलं असतं तरी ते तिच्यापुढे ठेवायची माझी लायकी नव्हती.

सोजर चुलीपाशी गेली. हौसाच्या हातातून पिशवी घेतली, तोंड नीट दुमडलं आणि परत तिच्या हातात दिली. मग तिची बोटं त्या पिशवीवर एकेक करून मिटवली.

“ठिव,” ती म्हणाली. “आज सांजची दे. सकाळची दे. मंग डाक्टर सांगंल तसं. ऐकलंस का?”

हौसाने मान हलवली. ती रडत होती.

“मान हलवू नको. तोंडानं सांग. काय करायचं?”

“एकदम बंद न्हाई करायचं,” हौसा म्हणाली.

“पुन्हा सांग,” सोजर म्हणाली.